निवटीचं बीळ

"आय, बघा ना, निवटी कशी शेवाळ चाटतेय!" मी खाडीच्या चिखलातून ओरडले. बांधावर बसलेल्या सासूबाईंनी मान वळवली, पण बोलल्या नाहीत. मामंजी गेल्यापासून त्या कोणाशीच बोलत नव्हत्या. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक कामाला नावं ठेवणाऱ्या बाईची ही शांतता मला खायला उठायची.

चिखलात बिळं करून राहणारी ती बोटभर मासळी हिरव्या चिखलावर डोकं इकडून तिकडे घाशीत चरत होती. माझी चाहूल लागताच बिळात शिरली. मी गुडघे टेकून खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना शेपटी लागली, तेवढ्यात ती बिळाच्या दुसऱ्या तोंडातून उडी मारून पसार झाली.

"अगो, त्या तोंडावर टाच कोन ठेवनार? तुजा बापूस? माज्या पोराच्या नशिबी काय ही आली, हिला साधी निवटी धरता येत नाय!"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. चिखलात बसल्या बसल्या मला हसू फुटलं.

पुढच्या बिळाशी मी दुसऱ्या तोंडावर टाच घट्ट रोवली. मग चोरून बांधाकडे पाहिलं, आणि टाच हळूच उचलली.