एकाच पदाच्या अकरा प्रती

"आपण कोण?" अण्णांनी मृण्मयीला विचारलं. पोटच्या लेकीला बापानं 'आपण' म्हणावं?

सहा मिनिटांपूर्वीच तिनं फोनवरून अण्णांच्या कानामागे बसवलेल्या चकतीतला गाण्यांचा पसारा आवरला होता. एकच नाट्यपद अकरा वेळा साठवलेलं पाहून तिनं एक प्रत ठेवली आणि बाकीच्या दहा पुसल्या. त्यांचं विसरणं वाढल्यापासून चकती त्यांच्या जुन्यानव्या आठवणी त्या त्या तारखेनिशी गाण्यांना बांधून ठेवत असे, हे तिला ठाऊक होतं. अण्णांची खोड मात्र ती साफ विसरली. घरात काही मोठं घडलं, की त्या दिवशी ते हेच पद लावून बसत; प्रत्येक प्रत अशाच एका दिवसाची होती.

पुसलेलं परत आणायची मुदत दहा मिनिटांची. त्यातली चार उरली होती. ती घाईघाईनं एकेक तारीख परत आणू लागली. तिच्या जन्माची तारीख आली आणि अण्णांनी वर पाहिलं.

"मनू, एवढी घामाघूम का झालीस?"

नऊ प्रती आल्या. दहावीवरची तारीख गेल्या मे महिन्यातली होती, आईला स्मशानात नेलं त्या दिवशीची. तेव्हापासून अण्णा एकदाही हसले नव्हते.

"आईला हाक मार गं," आता ते हसून म्हणाले. "तिचा चहा निवतोय."

तिचं बोट 'परत आणा' या बटणाजवळ थांबलेलं. वीस सेकंद. दहा.

मृण्मयीनं बटण न दाबताच बोट मागे घेतलं आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "आई, चहा घ्यायला ये गं!"