सहा मिनिटांचं चालणं

"आजी नाही आल्या?" खडूची रेघ मारता मारता जयश्रीने विचारलं.

"नाय," देवजी म्हणाला. "अवसेला वारली."

खडू थांबला. मग पुन्हा चालू झाला, कारण रेघ तीस मीटरची व्हायला हवी होती आणि अजून अकराच झाले होते.

कासा गावच्या दवाखान्याच्या जीपने जयश्री या पाड्यावर यायची ती दम्याच्या नव्या गोळीच्या चाचणीसाठी. आजची पाचवी खेप, शेवटची. काहींना औषधाची गोळी होती, काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते देवजीला माहीत नव्हतं, जयश्रीला नव्हतं, तिच्या साहेबांनाही नव्हतं. कुणालाच काही माहीत नसणं हा या कामातला मुख्य नियम होता आणि तो सगळे कसोशीने पाळत होते.

दमा खरं तर देवजी आणि सुकी या नवरा-बायको दोघांनाही होता. वीटभट्टीचा धूर दोघांनी मिळूनच खाल्ला होता. पण सुकी काट्यावर चौतीस किलो भरली आणि चाचणीला चाळीस लागत होते. "पदरात दगड बांधून उभी राहू काय?" तिने विचारलं होतं. तेही चालणार नाही म्हटल्यावर ती दर खेपेला नवऱ्यासोबत यायची आणि तो रेघेवरून चालायला लागला की त्याच्या बाजूने चालायची.

"आजी, तुम्ही सावलीत बसा ना," जयश्री पहिल्या खेपेला म्हणाली होती.

"कागदात नाय घेतली. अंगणात तरी राहू दे."

समाजमंदिराचं अंगण कागदापेक्षा मोठं होतं. जयश्रीने राहू दिलं.

आता तिने रेघेच्या दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवले आणि फॉर्म उघडला. "गोळ्या सगळ्या घेतल्या, बाबा?"

देवजीने रिकामी डबी पुढे केली. "सगळ्या. अर्ध्या मी, अर्ध्या तिनं."

"म्हणजे?"

"कापून. कोयत्यानं."

"एवढीशी गोळी, बाबा! कोयत्यानं?"

"मोठा तुकडा तिच्याकडं सरकवायचो. ती भांडायची, समान कर म्हणायची." तो डबीचं झाकण लावत-काढत राहिला. "आमच्यात आलेली वस्तू एकट्यानं नाय खात, बाई. एक बोंबील आला तरी दोघांत."

फॉर्मवर गोळीसाठी दोन चौकोन होते. घेतली. चुकली. अर्ध्याला चौकोन नव्हता. मृत्यूला होता, पण तो देवजी मेला तर.

"बाई, एक खरं सांगा. त्या गोळीत औषध होतं काय?"

"मला खरंच माहीत नाही. कुणाला कुठली गोळी ते बंद पाकिटांत आहे. पुढच्या वर्षी मुंबईला ती उघडतील, तेव्हा कळेल."

"नसलं तर बरं."

"असं का म्हणता?"

"असलं तर अर्धं मी खाल्लं ना तिचं."

जयश्रीने घड्याळ लावलं. सहा मिनिटांत रेघेवरून ये-जा करत माणूस किती मीटर चालतो, ते मोजायचं होतं. माणूस चालत असताना तिने काय बोलायचं ते कार्डावर छापलेलं होतं. त्याच्याबाहेर एक शब्दही बोलायची परवानगी नव्हती.

"चला."

देवजी निघाला. पहिल्या शंकूपाशी पोचला, वळला आणि उभा राहिला. मागे पाहिलं. मग पुढे चालायला लागला.

"छान चाललंय. अजून पाच मिनिटं," जयश्रीने वाचलं.

त्यानंतर तो कुठल्याच शंकूपाशी थांबला नाही. एक शेळी रेघेवर येऊन उभी राहिली, तर तिला वळसा घालून गेला.

"छान चाललंय. चालत राहा."

तो चालत राहिला. धाप लागली होती, पण पाय पडत होते.

"आता थांबा. आहात तिथेच थांबा. मी येते तुमच्याकडे."

हेही कार्डावरचंच होतं. तो रेघेवर मध्येच थांबला. जयश्रीने त्याच्या अंगठ्यापाशी खडूची खूण केली, टेपने मोजलं, लिहिलं.

"किती?"

"तीनशे दहा मीटर."

"आणि मागल्या टायमाला?"

तिने पान उलटलं. "एकशे नव्वद."

देवजी शाळेत गेला नव्हता, पण कमी-जास्त त्याला कळत होतं. तो खाली बसला. "एवढं वाढलं? म्हणजे होतं औषध."

जयश्रीने कार्डाकडे पाहिलं. त्यावर याच्यासाठी काही छापलेलं नव्हतं.

"नाही, बाबा," ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "मागच्या वेळी आजी होत्या ना सोबत. त्या मागे पडल्या की तुम्ही थांबत होता. तुम्ही त्यांच्या चालीनं चालत होता."

म्हणता म्हणता तिने आधीची पानं उलटली. दोनशे ऐंशी. दोनशे पन्नास. दोनशे तीस. एकशे नव्वद. वर्षभर चाचणीने एका माणसाचा दम इमानेइतबारे मोजला होता. नाव तेवढं चुकलं होतं.

"हे आकडे तुमचे नाहीत," ती हळूच म्हणाली. "खोडावे लागतील मला."

"मग कुणाचे?"

"आजींचे."

"सगळे?"

"चारही."

तिने पेनाचं टोपण काढलं. देवजीने कागदावर पंजा पालथा ठेवला.

"नका खोडू, बाई," तो म्हणाला. "आली ना ती कागदात. राहू द्या."