देवीच्या शालूवरचा कशिदा

तुळजापुरात लिंबाजी शिंप्याच्या पायमशीनवर त्या दिवशी दोरा काही टिकेना. देवीच्या शालूवर कशिदा काढायचा होता, दिवेलागणीला पुजारी न्यायला येणार होते, आणि एखादं पान भरतंय तोच रेशीम तटकन तुटायचं. त्यानं ताण सैल केला, बॉबीन बदलली, दोरा पुन्हा ओवला. मग त्याची नजर ओसरीकडं गेली. बायको गोदा सकाळीच बाहेरची झाली होती. कडेला पोतं टाकून बसली होती.

"मशीनला शिवलीस का?"

"काल तेल दिलं व्हतं. तवा बाहेरची न्हवते."

"तुला कळलं नसंल. देवीला कळतं."

अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला तो. गोदानं मान खाली घातली.

त्यानं मशीनवर गोमूत्र शिंपडलं. दोरा पुन्हा तुटला. शेवटी सुई बदलावी म्हणून पेच सैल केला आणि त्याचे कान तापले. सकाळी नवी सुई त्यानंच बसवली होती, चपटी बाजू उलट्या दिशेला करून.

त्यानं गुपचूप सुई फिरवली. मशीन सुरळीत चालू लागली.

"गोमूत्रानं चालली न्हवं?" बाहेरून गोदा म्हणाली. "म्हंजी माजाच इटाळ व्हता. आता फुडच्या बारीला चार दिस आदीच हात लावायची न्हाय मी."

लिंबाजी खाली मान घालून पाय मारत राहिला. आता एकदा तरी दोरा तुटावा, असं त्याला फार वाटत होतं. पण तो काही तुटेना.