पाहुण्या बाई

बाळांनो, गणितापासून नाटकापर्यंत सगळं शिकवणारं एक छोटंसं कॉलेज डोळ्यांसमोर आणा. तिथल्या गणिताच्या बाई सात वर्षं झाली तरी 'पाहुण्या प्राध्यापक'च आहेत. पाहुणचार कसला, तर कुणालाच नको असलेला सकाळचा पहिला तास आणि अख्ख्या विभागाचे पेपर तपासणं. नेमणूक मात्र दरवेळी मे महिन्यापर्यंतच.

वर्षअखेरच्या चहापानाला बाई पहिलीतल्या लेकीला घेऊन आल्या आणि धीर करून विचारून बसल्या, "सर, यंदा तरी कायम करताय ना? दरवर्षी जीव टांगणीला लागतो हो."

विभागप्रमुख खळखळून हसले. "अहो, तुम्ही तर आमच्या घरच्याच! घरच्या माणसांना कसली आलीय कायमची ऑर्डर? पुढच्या मेपर्यंत राहा, मग बघू."

बाईंचा चेहरा उतरला. सरांना मात्र मायेचा उमाळा आला होता. त्यांनी लेकीचा गालगुच्चा घेतला. "आणि मी तुझा आजोबा बरं का! म्हण पाहू, आजोबा!"



लेकीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "म्हणते की. पण पुढच्या मेपर्यंतच हं. मग बघू."