बारा तारखेची भेट

शिवमने राजीनाम्याचा टाइप केलेला कागद टेबलावर सरकवला आणि वर पेन ठेवलं.

“सही कर आणि मोकळा हो,” तो म्हणाला.

चिखलीच्या बसस्टँडसमोरचं हॉटेल, सकाळचे अकरा. समोर संघर्ष गवई बसला होता, अकरा वर्षं जुना एमआर. डॉक्टरांच्या दारोदार फिरायचं आणि कंपनीची औषधं त्यांच्या पेनातून उतरवायची, हे त्याचं काम. शिवम त्याचा एरिया मॅनेजर. वयाने चांगला नऊ वर्षांनी लहान, पण बोलायचं ते अरेतुरेनेच. खुर्ची मिळाली की काही लोकांना समोरच्याचं वय दिसत नाही.

संघर्षचा खरा गुन्हा सगळ्यांना ठाऊक होता, फक्त कागदावर नव्हता. पेट्रोलला सहा वर्षांपूर्वीचाच दर मिळतो, रविवारी फुकट मीटिंगा होतात, डॉक्टर कमी भेटले की पगार कापतात, असं नऊ जणांच्या सह्यांचं पत्र त्याने वर पाठवलं होतं. माणसाला काढून टाकलं तर तो कोर्टात जातो. आपणहून गेला तर कंपनीच्या अंगाला काही चिकटत नाही. वरच्या साहेबांनी शिवमला स्पष्ट सांगितलं होतं, आज संध्याकाळपर्यंत त्याचा राजीनामा आण, नाहीतर तुझा दे.

धमकावायला कारण लागतं. ते शिवमने शोधून ठेवलं होतं. उंद्रीचे डॉक्टर महादेवराव. फोनातल्या कंपनीच्या यादीत त्यांचं नाव चार महिने लाल दिसत होतं, म्हणजे संघर्ष तिकडे फिरकलाच नव्हता. शिवमने तरी त्यांना कुठे पाहिलं होतं? पण त्याचं अडत नव्हतं. भेट नोंदवायची तर एमआरचा फोन डॉक्टरच्या दारातच असावा लागतो. मॅनेजरच्या फोनला असली अट नाही. तेव्हा अकोल्यात घरच्या सोफ्यावर बसून त्याने लिहून टाकलं की मागच्या महिन्याच्या बारा तारखेला डॉक्टर महादेवरावांना भेटलो, तुमचा माणूस चार महिने आला नाही अशी त्यांनी तक्रार केली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. यादी दुरुस्त करा म्हणून संघर्षचे चार मेल येऊन पडले होते, ते मात्र त्याने उघडलेही नव्हते. याची रडगाणी कोण वाचत बसणार?

राजीनाम्यासोबत दिलेला आरोपाचा कागद संघर्षने दोनदा वाचला. घरी दोन मुली शिकत होत्या, आणि चाळिशीतल्या एमआरला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. हे शिवमला पक्कं माहीत होतं, त्याच भरवशावर तो आला होता.

“बारा तारखेले तुम्ही स्वतः भेटले त्यायले?” संघर्षने विचारलं.

“मग काय खोटं लिहिलंय मी?”

“तसं नाही म्हनत, सर. चाला उंद्रीले. हेच त्यायच्या घरी बोला, मी तिथंच सही करतो.”

शिवमला हसू आलं. गडी शेवटची उडी मारून पाहतोय. नाही म्हणावं तर आपणच खोटे ठरू, आणि जायला भ्यायचं कशाला? खेड्यातला म्हातारा डॉक्टर, हातात भेटवस्तू पडली की मान डोलावणारच. गाडीच्या डिक्कीत भिंतीवरचं घड्याळ होतंच. शिवाय डॉक्टरसमोर एमआरने आवाज चढवायचा नसतो, हा या धंद्यातला पहिला धडा. तो एसी लावून गाडीत बसला आणि संघर्षला मोटरसायकलवर मागून यायला सांगितलं.

उंद्रीत दवाखाना घरातच होता. डॉक्टर महादेवराव, वेळ सकाळी नऊ ते एक, अशी पाटी जागेवर होती. ती पाहून शिवमला बरं वाटलं. दवाखान्याचं दार लोटलेलं होतं. ओट्यावर डॉक्टरांची बायको तानुबाई तुरीची डाळ निवडत बसली होती. संघर्षने बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, “बाई, हे आमचे साहेब. मागं डॉक्टरसायबाले भेटले म्हनतात. काय बोलनं झालं ते त्यायच्याच तोंडून ऐका.”

डॉक्टर आत पडले असतील, असं शिवमला वाटलं. बायको साक्षीला असली तर उत्तमच. त्याने घड्याळाचा खोका ओट्यावर ठेवला आणि तिखटमीठ लावून सांगायला सुरुवात केली. मागच्याच महिन्याच्या बारा तारखेला सर इथेच, आतल्या खोलीत भेटले. चहा पाजला, तासभर बोलले. संघर्षवर फार नाराज होते, चार महिने फिरकला नाही म्हणाले, दुसरा माणूस पाठवा म्हणाले. बोलता बोलता त्याने राजीनाम्याचा कागद संघर्षपुढे धरला. संघर्षने तो घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

तानुबाईचा डाळीतला हात थांबला होता. तिने संघर्षकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग ती शिवमकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर शिवमला उत्तर देता आलं असतं.

“त्यायले जाऊन चार महिने झाले,” ती म्हणाली. “या संघर्षनंच खांदा देल्ला.”

कागद संघर्षच्या हातात तसाच राहिला. तानुबाईने सूप बाजूला सारलं आणि शिवमला बसायला जागा केली.

“मले तं ते सपनातही दिसत नाहीत, बाबू. तू तासभर बोलला. अजून काय म्हनत होते?”