कहाणी नको, कंबर सांगा

“कहाणी नको, कंबर किती ते सांगा.”

मथळेबुवांनी फोनवरचा तो निरोप दोनदा वाचला आणि फोन पालथा घातला. त्यांचं सगळं आयुष्य वर्तमानपत्रात मथळे देण्यात गेलं होतं. वाचणाऱ्याचा चहा हातातच गार झाला पाहिजे, असा त्यांचा बाणा. ऑफिसात त्यांचं खरं नाव कुणाला आठवतही नसे. आणि आज जुनी पँट घ्यायला निघालेला कुणी अनोळखी गृहस्थ त्यांना कंबर विचारत होता! मथळा तर काय झकास दिला होता: ‘एका पँटची थक्क करणारी कहाणी!’

“बरोबर बोलला तो,” बायको म्हणाली. मागच्या खोलीत कपड्यांच्या ढिगात ती फतकल मारून बसली होती. गळ्यात मोजपट्टी.

लेकीचे दिवस भरत आले होते. बाळ झालं की ती थोडे दिवस इथेच राहायला येणार होती, याच खोलीत. आणि या खोलीत तर पाळणा सोडा, उशी ठेवायला जागा नव्हती. दोघांनीही जन्मात कधी एक कपडा टाकलेला नव्हता. म्हणून मग ऑनलाइन विक्री. मापं आणि फोटो बायकोकडे, मथळे बुवांकडे, अशी वाटणी झाली. बुवांनी जीव ओतला. स्वेटरला ‘थंडीची उडाली घाबरगुंडी!’, लेकीच्या लहानपणीच्या हिरव्या फ्रॉकला ‘हिरवाईने घेतला निरोप’. कपडे मात्र ढिम्म हलत नव्हते.

“अहो, स्वेटर शोधणारा माणूस ‘घाबरगुंडी’ असं टाइप करतो का?” बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करून निवृत्त झालेली. बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं असलंच पाहिजे, एवढं तिला ठाऊक. “लिहा. पुरुषांचा लोकरी स्वेटर, तपकिरी, मोठं माप, पूर्ण बाह्या, डाव्या कोपराला रफू.”

“दोष मथळ्यात?”

“मग काय घरी गेल्यावर कळू द्यायचा? घेणारा परत पाठवेल, आणि स्वेटर येऊन बसेल पुन्हा याच कपाटात.”

“अगं, पण यात बातमी कुठे आहे?”

“बातमी हवीय कुणाला? लोकांना स्वेटर हवाय!”

हे बुवांच्या जिव्हारी लागलं. आपण जन्मभर जे केलं त्याचा एका स्वेटरलाही उपयोग नाही, या विचाराने त्यांना खरोखर वाईट वाटलं. पण पाळण्याला जागा हवी होती. संध्याकाळी त्यांनी नाक मुरडत, बायकोने सांगितलं तसं, शब्दन् शब्द लिहिलं. जेवायला बसेपर्यंत स्वेटर गेला.

मग काय, धडाकाच लागला. फ्रॉक गेला, कोट गेला, ती पँटसुद्धा गेली. राखाडी, सुती, कंबर चौतीस, उजव्या खिशाला नवी शिवण. लिहिता लिहिता बुवा कपड्याकडे नीट बघायला लागले. कॉलर आतून विटली आहे का, चेन अडकते का. बायको “निळा” म्हणाली तर “फिका की गडद?” असं तेच उलट विचारू लागले. एक दिवस स्वेटरवाल्याचा अभिप्राय आला: ‘लिहिलं होतं तसाच निघाला.’ बुवांनी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्या मथळ्यांबद्दल असं आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. तिने मात्र “बघा!” एवढंच म्हणून तोंड फिरवलं आणि हसू लपवलं.

आणि मग वेळेच्या आधीच लेकीला कळा सुरू झाल्या. जावयाचा फोन आला तशी बायको चपला उलट्यासुलट्या घालून पळाली. शेवटची पार्सलं न्यायला माणूस यायचा होता आणि पाळणाही यायचा होता, म्हणून बुवा घरी थांबले. पार्सलं गेली. पाळणा आला. खोली अशी मोकळी झाली की त्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज घुमायला लागला. फोन लावावा तर कुणी उचलेना. देवा, दोघांना सांभाळ, एवढंच ते पुटपुटत राहिले.

फोन वाजला. नातेवाइकांच्या ग्रुपवर बायकोचा निरोप होता:

‘अखेर आगमन झालं!!! बाळ-बाळंतीण ठणठणीत! आल्या आल्या दवाखाना दणाणून सोडला! बघाल तर बघतच राहाल!!!’

बुवा पाळण्याशेजारी जमिनीवर बसले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. वजन नाही, वेळ नाही, रंग नाही, केसांचा पत्ता नाही. फोटोसुद्धा नाही. आणि खाली सगळं गणगोत नुसतं नाचत होतं. मावशी रडत होती, आत्या पेढे मागत होती, मेहुणा नुसतीच उद्गारचिन्हं पाठवत होता. काही विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मथळेबुवा एकटेच खदखदून हसले. डोळे पुसत त्यांनी उत्तर लिहिलं:

“मथळा पहिल्या पानाचा दिलास, मानलं तुला! आता मुलगा की मुलगी, तेवढं सांग.”