बाबांचं बनियन

“सिरिंजनंच मोज. झाकणानं अंदाजे ओतायचं नाही,” आई पायरीवरून म्हणाली. वाक्य बाबांचं होतं. ते जाऊन सात महिने झाले होते.

मी हातमोजे घातले, बादलीत पाणी मोजून घेतलं, बाटलीवर लिहिलं होतं तेवढंच पिसवांचं औषध त्यात सोडलं आणि आमच्या बंड्याला चोपडलं. खरी कसरत पुढेच होती. वाळेपर्यंत कुत्र्यानं अंग चाटलं तर औषध पोटात जाणार. म्हणून बाबा अंगातलं बनियन काढून त्याला चढवायचे. आई दर वेळी करवादायची, “आता कुत्र्याला कपडे करा!”

मी त्याला पाकिटातलं कोरं बनियन घातलं. बंड्यानं ते दोन मिनिटांत ओरबाडून काढलं आणि मान वळवून पाठीला जीभ लावायला गेला. मी ओरडत त्याचं तोंड धरलं.

आई उठून आत गेली. आली ती बाबांचं बनियन घेऊन. त्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी काढलेलं, तेव्हापासून न धुता कपाटात ठेवलेलं. मला ती हातही लावू देत नसे.

“आई, याला औषध लागेल. मग धुवावं लागेल.”

“ठाऊक आहे. घाल.”

बंड्यानं बनियनच्या गळ्यापाशी नाक खुपसलं आणि तसाच पडून राहिला.

संध्याकाळी आईनं ते वेगळ्या बादलीत धुऊन दोरीवर टाकलं. बंड्या दोरीखाली जाऊन बसला. थोड्या वेळानं आईही स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसली.